सहावा सेल

सूनबाईने सहाव्या सेलच्या पोटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, त्याच्यावर फुंकर मारली आणि तो बाकीच्या पाचांच्या शेजारी नेऊन उभा केला. जेवणाच्या टेबलावर सहाही जण एका ओळीत वाळत राहिले.

"अगं बाई, ती माझी बाटली आहे," नणंद दारातूनच म्हणाली. "मी सगळं कपाट उलथंपालथं केलं. नखं कुणाची रंगवतेयस, वहिनी?"

"यांची. हे सहाजण एका घरचे. एकत्र चार्ज व्हायचं, एकत्र कामाला जायचं, एकत्र परत यायचं. दुसऱ्यांत मिसळायचं नाही. म्हणून खूण."

"आणि हे निळे ठिपकेवाले?"

"तुझ्या माइकच्या स्पीकरचे. त्यांचं आणि यांचं पटत नाही."

"म्हणजे अगदी आपल्यासारखं घर आहे," असं म्हणून नणंदेने बाटली उचलली, उजेडात धरून किती उरलीय ते पाहिलं आणि तोंड वाकडं करून परत ठेवून दिली.

खिडकीशी सासरे बसले होते. मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, हातात पिवळं फडकं. त्यांनी मान वर न करताच एक शब्द टाकला.

"उष्टे."

हा शब्द गेला महिनाभर घरात फिरत होता. सासऱ्यांनी हा बँड उभा केला, त्याला आता तीस वर्षं होत आली. चार माणसांचा बँड तो केवढा, पण त्याची शिस्त मोठी. नणंद गायची, सूनबाईचा नवरा गिटार वाजवायचा आणि ठेका धरायची ती पेटी. पेटी म्हणजे जाड पुस्तकाएवढं यंत्र, वर सोळा रबरी बटणं, पोटात सहा पेन्सिल सेल. बटणं दाबली की ढोल, झांज, खर्जातला सूर, काय हवं ते त्यातून निघायचं. बागा, अंगणं, शाळांची मैदानं, जिथे भिंतीत प्लग नाही तिथे हा बँड जायचा, आणि म्हणूनच त्याला बोलावणी यायची. पेटी सासरे स्वतः वाजवायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. ठेका बोटांतून निसटायला लागला तसे ते एक दिवस मुकाट्याने बाजूला झाले आणि पेटी सुनेकडे आली.

पेटीबरोबर नियम आला. प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळ्यांच्या देखत नवं पाकीट फाडायचं आणि सहा कोरे सेल घालायचे. मध्यंतरात पुन्हा पाकीट फाडायचं, पुन्हा सहा कोरे. काढलेले सेल उष्टे. ते बिस्किटांच्या डब्यात जायचे आणि तिथून गल्लीभर. समोरच्या शिंपिणीचं घड्याळ, पेपरवाल्याचा रेडिओ, खालच्या आजोबांची विजेरी, सगळी या बँडच्या उष्ट्या सेलांवर पोसलेली. पण एकदा उष्टा झालेला सेल पुन्हा पेटीत गेला, असं कधी झालं नाही. फार वर्षांपूर्वी एकदाच सासऱ्यांनी आदल्या दिवशीचे सेल चालवले होते, आणि भर गाण्यात पेटीने मान टाकली होती. लोक हसले. ते हसणं ते अजून विसरले नव्हते.

आता त्याच पेटीत सूनबाई रोज तेच तेच सेल चार्ज करकरून घालणार म्हणत होती. त्यांच्या दृष्टीने हे म्हणजे पाहुण्याला काल वाढलेलं ताट आज धुऊन न घेता पुढे करण्यासारखंच होतं.

"बाबा, मी मोजून पाहिलंय," ती म्हणाली. हे तिने निदान वीस वेळा सांगितलं असेल. "ओट्यावर पेटी ठेवून, समोर घड्याळ लावून. कोरे सेल दोन तास दहा मिनिटं चालतात. हे तीन तास पंचावन्न. तीनदा केलं, तीनदा तेच."

"मला विचारा," नवरा आतून ओरडला. "मी जेवत होतो तेव्हा. अजून माझा घास ठेक्यात जातो."

"पेटी पडद्यावर दोनच रेघा दाखवते," सासरे म्हणाले. "चारातल्या दोन. सुरुवातीलाच अर्धमेली."

"दोन दाखवते, पण त्या दोन शेवटपर्यंत टिकतात. यांचा जोर कोऱ्यापेक्षा जरा कमी असतो, म्हणून रेघा कमी. पण कोरे चारावरून घसरत घसरत जातात, आणि हे एकाच चालीने चालत राहतात."

सासऱ्यांनी फडक्याने डब्याचं झाकण पुसलं. ते आधीच लखलखीत होतं.

खरं तर हा हट्ट तिने हौसेने धरला नव्हता. सार्वजनिक बागेच्या व्यवस्थापिका बाईंनी यंदा स्पष्ट सांगितलं होतं, की रविवारचा नाच दुपारी तीन ते सहा सलग हवा. मागच्या वर्षी सेल बदलायला म्हणून मध्यंतर केलं आणि निम्मी माणसं चहा प्यायला म्हणून गेली ती घरीच पोचली. यंदा मध्ये थांबायचं नाही. आणि कोऱ्या सेलांवर तीन तास निघत नाहीत, हे सासऱ्यांनाही माहीत होतं. म्हणूनच ते एवढे चिडले होते.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "तुझंच खरं. पण उद्या पेटी बंद पडली, तर पुढच्या रविवारपासून माझा भाचा वाजवेल. तो केव्हाचा मागे लागलाय. आणि तो कोरे सेल घालतो."

नणंदेने भावाकडे पाहिलं, भावाने गिटारकडे.

"चालेल," सूनबाई म्हणाली.

म्हणायला ती म्हणाली खरी. तिला गाता येत नव्हतं. सुरांच्या या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा पहिली तीन वर्षं तिने वायरी गुंडाळल्या होत्या, पिशव्या उचलल्या होत्या आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या होत्या. पेटी हातात आली त्या दिवशी पहिल्यांदा ती व्यासपीठाच्या वर उभी राहिली. पेटी गेली, तर ती पुन्हा बाटल्यांपाशी जाणार होती. हे चौघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी निघण्याची नेहमीची धांदल उडाली. सूनबाईने लाल सहा पेटीत घातले, निळे स्पीकरमध्ये घातले आणि केस बांधायला आत गेली. बाहेर आली तेव्हा सासरे पेटी मांडीवर घेऊन पिवळ्या फडक्याने पुसत होते. हे त्यांचं दर कार्यक्रमाचं काम. हात थरथरत असले तरी हे त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं. तिला पाहून त्यांनी पेटी घाईने तिच्या हातात दिली.

"झाली पुसून," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

बागेत हिरवळीच्या मधोमध लाकडी व्यासपीठ होतं. तीन वाजता ऊन अजून खांद्यावर होतं आणि माणसं झाडांच्या सावल्या धरून उभी होती. सूनबाईने पेटी चालू केली आणि पडद्याकडे पाहिलं. तीन रेघा.

तिने पुन्हा पाहिलं. घरी कायम दोन दिसायच्या, आज तीन. आज चार्जिंग छान झालं असेल, असं तिच्या मनात आलं. तिला बरंच वाटलं. तिने पहिल्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांना तीन बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली आणि लगेच मांडीवरच्या डब्याकडे बघायला लागले.

पहिला अर्धा तास बाग लाजत होती. मग टपाल वाटणाऱ्या बाईने आपल्या थकलेल्या नवऱ्याला सावलीतून ओढून बाहेर काढलं. त्यांच्या मागून दोन मैत्रिणी आल्या, मग एक लठ्ठ वकील आपल्या मुलीला घेऊन आला, आणि बघता बघता हिरवळ दिसेनाशी झाली. नणंद रंगात आली होती. सूनबाईची बोटं बटणांवर आपोआप पडत होती. ढोल इथे, झांज तिथे, खर्ज जरा मागे ठेवून. पायांखालच्या फळ्या ठेक्याबरोबर थरथरत होत्या. साडेचार झाले, पावणेपाच झाले, माणसं घामाघूम झाली तरी कुणी थांबायला तयार नव्हतं. व्यवस्थापिका बाई फाटकाशी उभ्या राहून स्वतःशीच खांदे हलवत होत्या.

पाच वाजता सूनबाईने पडद्याकडे पाहिलं. एक रेघ.

तिला वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. तिने पेटी थोडी वळवली. एकच रेघ होती. पाच दहाला ती रेघ गेली आणि तिच्या जागी तांबडा दिवा मिचकायला लागला.

अजून पन्नास मिनिटं होती. घरी असताना हा दिवा मिचकायला लागला की पाच मिनिटांत सगळं संपायचं. तिची नजर नकळत पहिल्या रांगेकडे गेली. सासरे डब्यावर दोन्ही हात दाबून बसले होते. तिला भाच्याचा चेहरा दिसला, पाण्याच्या बाटल्या दिसल्या. तिने मनात वेळ मोजला. तीन ते पाच वाजून दहा.

दोन तास दहा मिनिटं.

हा आकडा तिला तोंडपाठ होता. पण तो या सेलांचा नव्हता. तो कोऱ्या सेलांचा होता.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसली. दोनाच्या तीन झालेल्या रेघा; सहाही कोरे असते, तर चार झाल्या असत्या. मांडीवरची पेटी. पायात असलेल्या चपला शोधणारे सासरे. तिला रागच यायला हवा होता, आणि तो आलाही, चांगला कानाच्या पाळ्यांपर्यंत आला. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. तिचे सेल कमी पडले नव्हते. तिचं गणित बरोबर होतं.

"वन्सं," ती पुढे वाकून म्हणाली. "टाळ्यांवर घे. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

नणंदेने प्रश्न विचारला नाही. असल्या वेळी ती पक्की मुरलेली होती. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि पेटीच्या ठेक्याबरोबर टाळी धरली. पुढच्या माणसांनी धरली, मागच्यांनी धरली, सगळ्या बागेने धरली. सूनबाईने पेटी बंद केली. कुणाला कळलंही नाही. त्यांना वाटलं, हा गाण्याचाच भाग आहे.

नवरा गिटार थांबवून जवळ सरकला.

"बाबांच्या पिशवीत कोरं पाकीट आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "सहाही बदल. भाच्याचं नंतर बघू. मी बोलेन त्यांच्याशी."

"सहा नाही," ती म्हणाली. "एकच बदलायचाय."

तिने पेटी उलटी केली आणि झाकण काढलं. पाच लाल ठिपके एका ओळीत होते. सहावा सोनेरी, चकचकीत, अंगावर कसलीही खूण नसलेला. तिने तो उपसून काढला. चांगलाच तापला होता. त्या पाचांच्या बरोबरीने धावता धावता एकटाच दमून गेला होता.

तिने मान वर केली. सासरे उठले होते.

टाळ्या वाजवणाऱ्या माणसांतून ते वाट काढत येत होते. डबा खुर्चीवरच राहिला होता, पिशवीही. ते व्यासपीठाच्या कडेशी आले, एक हात फळीवर टेकवला आणि दुसरा सदऱ्याच्या खिशात घातला. खिशाचं बटण त्यांना निघेना. नवरा पुढे होणार होता, पण सूनबाईने त्याला कोपराने अडवलं. शेवटी बटण निघालं. त्यांनी मूठ पुढे केली आणि उघडली.

लाल ठिपक्याचा सेल होता, खिशात घासून ठिपका अर्धा गेलेला.

"खिशात राहिला," ते म्हणाले. मग जरा थांबले. "राहिला नव्हता. मी ठेवला. म्हटलं, निदान एक तरी कोरा असावा. तुझी पेटी बंद पडू नये म्हणून."

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मागे दोनेकशे माणसं टाळ्या वाजवत होती. सूनबाईच्या जिभेवर बरंच काही होतं, आणि ते बोलायचा तिला हक्कही होता. तिने तो सेल उचलला आणि सहाव्या जागी बसवला.

"बाबा, झाकण लावता? माझे हात ओले झालेत."

हात ओले झाले होते हे खरंच होतं. त्यांनी झाकण घेतलं. एकदा खाचेवरून घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं. तिने घाई केली नाही. नणंद टाळ्या धरून होती, लोक आता पायांनीही ठेका धरायला लागले होते. तिसऱ्या वेळी झाकण खट् करून बसलं.

तिने पेटी सरळ केली आणि चालू केली. दोन रेघा. आपल्या ओळखीच्या दोन.

एक बटण असं असतं, की त्यावर टाळीबरोबर बोट मारलं की पेटी तोच वेग धरते. तिने माणसांच्या टाळीवर चार वेळा बोट मारलं आणि पाचव्या टाळीला ढोल, झांज, खर्ज सगळं एकदम सोडून दिलं. बागेतून असा आवाज उठला, की फाटकाबाहेर चाललेली माणसं आत वळली. टपालवाल्या बाईने नवऱ्याला गरकन फिरवलं. सूनबाईच्या नवऱ्याची गिटार हसत हसत आत आली. सूनबाईला आपण दात विचकून हसतोय हे कळत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. आयुष्यात इतकं बरं तिला क्वचितच वाटलं होतं.

सहा वाजले. व्यवस्थापिका बाई व्यासपीठाशी आल्या. सगळ्यांना वाटलं, आता आवरा म्हणणार. त्यांनी एक बोट वर केलं, आणखी एक गाणं. मग आणखी एक. सूनबाईने पडद्याकडे पाहिलं. दोन रेघा. तिने मान डोलावली. नाच साडेसहापर्यंत चालला आणि तोही माणसांचे पाय थकले म्हणून थांबला, पेटी थांबली नव्हती. सासरे सगळा वेळ व्यासपीठाच्या कडेशीच उभे होते. खुर्चीवर परत गेले नाहीत. उजव्या पायाने ते ठेका देत होते आणि तो पाय कुठेही थरथरत नव्हता.

घरी आल्यावर त्या सोनेरी सेलबद्दल कुणी काही बोललं नाही. भाच्याबद्दलही नाही. सूनबाईने सहा लाल चार्जरला लावले आणि ती पांघरूण ओढून झोपली.

पुढच्या रविवारी निघायच्या वेळी नणंद पुन्हा घरभर फिरत होती.

"माझी लाल बाटली कुणी घेतली? वहिनी, आता तरी स्वतःची आण."

"मी नाही घेतली," सूनबाई म्हणाली, आणि ते खरं होतं.

सासरे खिडकीशी पेटी घेऊन बसले होते. फडकं बाजूला ठेवलेलं. त्यांनी घसा खाकरला.

"सगळे इकडे या."

पाकीट फाडायच्या आधी ते तीस वर्षं हेच म्हणत आले होते, त्यामुळे सवयीने सगळे आले. गिटार गळ्यात अडकवलेला मुलगा आला, एक पाय चपलेत घातलेली मुलगी आली. सासऱ्यांच्या हातात पाकीट नव्हतं. त्यांनी पेटी उलटी केली, झाकण काढलं आणि ती सगळ्यांना दिसेल अशी तिरकी धरली. आत सहा लाल ठिपके होते. त्यातला खिशात घासून गेलेला एक पुन्हा नव्याने दिलेला, ओला, जरा बाहेर पसरलेला.

"सहा," ते म्हणाले. "सूनबाई, बघून घे."

त्यांच्या अंगठ्याच्या नखावर आणि नखाच्या बाजूच्या कातडीवर लाल रंग लागला होता. नणंदेने तो पाहिला आणि बाटली शोधायचं सोडून दुसरा पाय चपलेत सरकवला.

सूनबाईने ठिपके मोजले नाहीत. तिने झाकण घेतलं, लावलं आणि पेटी उचलून दाराकडे निघाली.